पान लागलंय

मोठ्या बाई कोंबडीच्या मारेकऱ्याचं नाव कधी घेत नसत. मुंगसाला मुंगूस म्हणायचं नाही, घारीला घार म्हणायचं नाही, बिबट्याचा तर विषय निघाला तरी त्या भुवई उंचावून समोरच्याला गप्प करायच्या. अंधश्रद्धाळू बाई असती तर मी समजू शकले असते. पण या बाईंनी विज्ञान शिकवण्यात उभी नोकरी काढली होती आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. घरात नवस नाही, कौल नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. सकाळी वंदना, रविवारी विहार, आणि पेपर हातात आला की आधी राशिभविष्याचा तुकडा फाडून चुलीत घालायचा, मग उरलेला वाचायचा. अशा बाईंची ही एवढी एकच सवय, आणि तिच्यापायी माझा उजवा हात आणि हातासकट मी जायच्या बेतात होते. गोष्ट होऊन गेली, हात शाबूत आहे, त्याच हाताने हे लिहिते आहे. पण तेव्हा बसलेला धक्का काही उतरत नाही.

मी मूळची सांगोल्याकडची, म्हणजे कोकणातल्या भाषेत घाटावरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि नेमणूक आली ती जयगडच्या रस्त्यावरच्या एका गावात. मोठ्या बाई त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. निवृत्त झाल्या तरी गावाने त्यांचं नाव काढून घेतलं नव्हतं. नव्या मुख्याध्यापकांना लोक 'सर' म्हणत, आणि 'मोठ्या बाई' म्हटलं की याच. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. घरातली एक खोली त्यांनी मला भाड्याने दिली आणि मी त्याच दिवशी आपोआप धाकट्या बाई झाले. सामान खाली ठेवायच्या आत त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "तुरा फिका आहे. लोह कमी पडतंय." मला तुरा नाही हे सांगावं की नाही या विचारात मी तशीच उभी राहिले. त्या सगळ्यांनाच असं तपासतात, आणि कोंबड्यांना आमच्याहून जास्त मन लावून तपासतात, हे मला पुढे कळलं.

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की मोठ्या बाई शेजारी स्टुलावर बसायच्या आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकीवर नजर ठेवायच्या. धावत दाण्यांवर आली ती निरोगी. जी मागे रेंगाळली, पिसं फुगवून मान आत ओढून उभी राहिली, तिला उचलून थेट मांडीवर. मग आधी तुरा आणि डोळे, मग चोच उघडून घसा, मग गळ्याखालची दाण्याची पिशवी बोटांनी चाचपायची. "रात्रीतून ही रिकामी व्हायला हवी. कणकेसारखी घट्ट लागली तर आत काहीतरी अडकलंय. पाण्यासारखी डुचमळली आणि तोंडाला आंबट वास आला तर नासलंय," असं त्या मला सांगायच्या. मी विचारलेलं नसायचं. शेवटी विष्ठा बघायची, काडीने उलटीपालटी करून, आणि हे सगळं माझा चहा चालू असताना. हिरवी-पांढरी दिसली की त्यांचा चेहरा उतरायचा, कारण ती मानमोडीची खूण. त्या रोगात कोंबडीची मान पिळवटते आणि बघता बघता अख्खी वाडी रिकामी होते. म्हणून त्या दर काही महिन्यांनी जनावरांच्या दवाखान्यातून लस बर्फात घालून आणायच्या आणि गावभर फिरून दुसऱ्यांच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब घालून यायच्या. कुणी बोलावलेलं नसायचंच.

एकदा एका पिवळ्या कोंबडीची मान वाकडी दिसली. मोठ्या बाईंनी मानमोडी जाहीर केली, तिला टोपलीखाली वेगळी कोंडली, मला शाळेत जाताना चपला बदलायला लावल्या, शेजारच्या वाडीत निरोप धाडले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती कोंबडी टोपली उलथवून माझ्या गादीवर अंडं घालून बसलेली, मान सरळ. "अवघडली असेल," मी म्हणाले. "वेळेवर वेगळी केली म्हणून वाचली," मोठ्या बाई म्हणाल्या आणि अंडं उचलून घेऊन गेल्या. त्यांच्या चुका व्हायच्या, पण चूक झाली असं त्यांच्या बाबतीत कधी घडत नसे.

मारेकऱ्यांना त्यांनी जी नावं ठेवली होती त्यांनी मात्र माझी हसून पुरेवाट व्हायची. सगळी नावं शिक्षण खात्यातली. घार म्हणजे विस्तार अधिकारी, कारण ती वरून गोल गोल फिरते आणि नेमकी आपण बेसावध असताना उतरते. मुंगूस म्हणजे केंद्रप्रमुख, सारखे लगबगीने इकडून तिकडे. आणि बिबट्या म्हणजे साहेब. "काल साहेब येऊन गेले. खालच्या वाडीतला कुत्रा नेला," हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला कप निसटला. मला वाटलं, या जिल्ह्यात अधिकारी फारच कडक दिसतात.

बंदोबस्त त्यांचा पक्का होता. खुराडं चिऱ्याच्या दगडांचं, वर पत्रा, दाराला बारीक जाळी. घरामागच्या परड्याभोवती करवंदीच्या काट्यांची वई, म्हणजे कुंपण. शाळेने मोडीत काढलेली पितळी घंटा त्यांनी मागून घेतली होती. ऊन कलायला लागलं की त्या ती वाजवायच्या, आणि कोंबड्या जिथे असतील तिथून पळत येऊन रांगेने आत शिरायच्या. मी वर्गात घसा फोडून जी रांग लावू शकत नव्हते ती इथे कोंबड्या लावत होत्या. त्यानंतर मोठ्या बाई खुराड्याभोवती वाकून एक फेरी मारायच्या. दगडांच्या सांधीत बोटभर जरी फट दिसली तरी लगेच मातीचा गोळा करून ठोकून बसवायच्या. "इथे भोक नको," एवढंच म्हणायच्या. भोकातून काय येईल, ते कधी म्हणाल्या नाहीत.

कारण सापाला त्यांच्याकडे टोपणनावसुद्धा नव्हतं. तो विषयच त्यांच्या तोंडून निघत नसे. बाकीचं गाव सापाला 'जनावर' म्हणतं हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले होते. एक मुलगी वर्गात उभी राहून म्हणाली, "बाई, फळ्यामागं जनावर हाय," आणि मी फळ्यामागे गाय मावेल की म्हैस याचा विचार करत तिकडे निघाले. मुलांनीच मला मागे ओढलं. तेव्हापासून जनावर म्हणजे साप हे डोक्यात पक्कं बसलं. मला वाटलं, या भाषेत शिकायचं होतं ते शिकून झालं.

शेजारी दत्ताराम राहायचा. रिक्षा चालवायचा, मोठ्या बाईंचा जुना विद्यार्थी, आणि अजूनही त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहणारा. गावातली बरीच घरं आपल्या जागेच्या राखणदाराला वर्षाला एक कोंबडा देतात. तसा तो एकदा आला आणि म्हणाला, "बाई, राखण द्यायची हाय. तांबडा कोंबडा द्याल काय?"

"देते की. पण त्याला खोकला झालाय. तुझ्या राखणदाराला चालतो का, विचारून ये."

दत्ताराम खरंच विचारात पडला आणि विचारायला निघून गेला. तो गेल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मोठ्या बाई, त्याची तुम्ही चेष्टा करता. मग तुमचं काय? नाव घेतल्याने कुणी येत नाही असं तुम्हीच मुलांना शिकवलंत ना?"

"शिकवलं."

"मग मुंगसाला मुंगूस का नाही म्हणायचं?"

त्या कोंबडीची पिसं चाळत होत्या, त्या चाळतच राहिल्या. "ही अंधश्रद्धा नाही, ही शिस्त आहे. खुराड्यापाशी ओरडायचं नाही आणि नाव घ्यायचं नाही." मुख्याध्यापिकेच्या आवाजातलं वाक्य होतं ते, त्याच्यापुढे प्रश्न नसतात. मी विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं. शिस्तीला कारण असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. कबरी नावाची एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली होती, म्हणून खुराड्याच्या आतल्या कोपऱ्यात टोपलीत अंड्यांवर बसवली होती. आदल्या दिवशी शाळेत पोषण आहाराला कोबीची भाजी होती. वरची पानं उरली ती मी पिशवीत भरून आणली आणि कौतुकाने कोंबड्यांना घातली, कबरीपुढेही टोपलीपाशी ढीग ठेवला. मोठ्या बाई आल्या आणि मला शाळकरी पोरीसारखं फैलावर घेतलं. "कोबीने पोटं फुगतात. आणि पानं आत साठली की किडे होतात, आणि किड्यांमागून आणखी काय काय येतं. कुठलंही पान उचलून घालायचं नाही, धाकट्या बाई." मला राग आला. दिवसभर पोरांना ओरडून मी दमलेली, आणि वर कोबीवरून बोलणी. मी न जेवता झोपले.

रविवारी सकाळी उठून परड्यात गेले तर कबरी मोठ्या बाईंच्या मांडीवर होती. अंड्यांवरची कोंबडी सहसा उठत नाही, हिला तर उचलून आणावं लागलं होतं. मान लोंबत होती, डोळे मिटलेले. मोठ्या बाईंनी पंख उचलला. खाली टरारून आलेली सूज, काळी-निळी, आणि एका बारीक छिद्रातून रक्त येत होतं. त्यांनी कापसाने टिपलं, थांबल्या. पुन्हा आलं. पुन्हा टिपलं, पुन्हा थांबल्या. ते रक्त गोठतच नव्हतं. त्यांच्या ओठांचा रंग गेलेला मला दिसला, पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

"हिला पान लागलंय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी आलेच." कबरीला स्टुलावर ठेवून त्या घरात गेल्या.

कोकणातल्या कुणालाही यापुढचं वाचवणार नाही. हे वाक्य ऐकलं की तिथल्या माणसाचे पाय जागच्या जागी थिजतात, कारण पान लागणं म्हणजे साप चावणं. तो शब्द नको म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक असं बोलत आले आहेत. मी सांगोल्याची. आमच्याकडे सुपारी लागते, तंबाखू लागतो, जास्त झाला की घेरी येते. हिला पान लागलंय म्हणजे हिला मी घातलेलं कोबीचं पान बाधलं, याहून वेगळा अर्थ माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आणि ते त्या किती हळू म्हणाल्या होत्या, जणू मला ऐकू जाऊ नये म्हणून. हा टोमणा आता आठवडाभर चालणार असं मला वाटलं. मी मनात म्हटलं, बघतेच, एक पान आत राहू देत नाही. तावातावाने खुराड्यापाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि टोपलीपाशी हात घालून कोबीची पानं ओढायला लागले.

आतून तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज आला. मग करंगळीला काटा टोचल्यासारखं झालं. करवंदीचा असेल म्हणून मी हात बाहेर काढला, तर बोटावर दोन ठिपके. पाठीमागे पावलं वाजली. मोठ्या बाई आल्या होत्या, एका हातात लांब काठी, दुसऱ्या हातात बॅटरी.

"आत हात घातलात?"

"पानं काढत होते. तुम्हीच म्हणालात ना, पान लागलंय म्हणून."

मी तो चेहरा विसरू शकत नाही. मुख्याध्यापिका, विज्ञानाच्या बाई, गावभर हुकूम सोडणाऱ्या बाई, सगळ्या एका क्षणात त्या चेहऱ्यावरून उतरल्या आणि तिथे एक घाबरलेली लहान मुलगी उरली. त्यांच्या हातातली काठी पडली. माझं बोट दुखायला लागलं होतं, पण खरं सांगते, मी घाबरले ती बोटामुळे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघून घाबरले.

मग त्या सावरल्या. मला तिथेच बसवलं, बांगड्या काढल्या, हात ओढणीने शरीराशी बांधून घेतला, आणि "चालायचं नाही, हलायचं नाही," म्हणून दत्तारामला हाक मारली. दत्ताराम आला, बोट बघितलं आणि म्हणाला, "बाई, वरच्या वाडीत मुळी देणारा हाय एक, त्याच्याकडे आधी..."

"मेल्या, रिक्षा चालू कर."

मला उचलून रिक्षात घातलं. मोठ्या बाई शेजारी बसल्या, आणि मांडीवर एक कापडी पिशवी. पिशवीतून कबरीचे पाय बाहेर आलेले. ती वाटेतच गेली. बंदराकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागे आमची रिक्षा अडकत अडकत रत्नागिरीकडे चालली होती, माझा हात मनगटापर्यंत फुगला होता, आणि मी त्या पिशवीकडे बघत होते. पंखाखालची ती सूज मी नुकतीच पाहिली होती. आता तीच माझ्या हातावर चढत होती. मला काय होणार आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मोठ्या बाई माझ्या दंडाला धरून होत्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होती, लातूरकडची. बोट बघत तिने विचारलं, "काय चावलं?"

"पान लागलंय हिला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कसलं पान? खाज आहे का? कुठल्या झाडाचं?"

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं आणि त्यातून काही आलंच नाही. मी खाटेवरून बघत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता. जी बाई न विचारता कोंबडीच्या विष्ठेवर व्याख्यान द्यायची, तिला एक शब्द बोलता येत नव्हता, आणि तो शब्द माझा जीव होता. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "फुरसं." मग मोठ्याने म्हणाल्या, "फुरसं चावलंय. साप. ही कोंबडी बघा, हिचं रक्त गोठत नव्हतं."

"कोंबडी बाहेर ठेवा," डॉक्टर म्हणाली, "मला पेशंटचं रक्त बघायचंय." तिने काचेच्या नळीत माझं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत बसलो. थोड्या वेळाने तिने नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. तिने लगेच सलाईन लावायला सांगितलं आणि त्यातून सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं. तोपर्यंत माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही.

शुद्धीवर आले, धोका टळला, सूज उतरायला लागली. एका दुपारी मोठ्या बाई डब्यातून पेज घेऊन आल्या. मला भरवून झाल्यावर डबा पुसत बसल्या. मी म्हटलं, "आता तरी सांगा. एवढं काय आहे त्या नावात?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी लहान होते. मागीलदारी लाकडांच्या ढिगात दिसला. मी ओरडले, साप, साप. धाकटा भाऊ आत झोपला होता. तो उठला आणि अनवाणी धावत आला. त्याला बघायचा होता." त्यांनी डबा पिशवीत ठेवला. "साप म्हटलं की पोरं लांब पळत नाहीत, धाकट्या बाई. बघायला येतात. सगळी नोकरी मी वर्गात हेच बघितलं. मी नाव घेतलं म्हणून तो आला."

त्यांच्या शिस्तीवर मी किती हसले होते.

"तेव्हा नाव घेतलं, तर तो गेला," त्या म्हणाल्या. "आता नाव घेतलं नाही, तर तुम्ही चालला होतात. मग करायचं काय असतं? तुम्ही सांगा मला." त्या खरंच विचारत होत्या. माझ्याकडे बघत, उत्तराची वाट बघत बसल्या होत्या. यात चूक कुणाची हे मी पुष्कळदा ठरवायचा प्रयत्न केला. मला माझी चूक सापडत नाही आणि त्यांची काढायला जीभ रेटत नाही.

मी घरी परतले तेव्हा कोंबड्या होत्या, खुराडं होतं, घंटा होती. बदलल्या होत्या त्या मोठ्या बाई. परड्यात कुणीही पाऊल टाकलं की त्या शुद्धलेखन घालावं तशा आवाजात सांगायच्या, "आत फुरसं असू शकतं. नाग असू शकतो. घोणस असू शकते. हात घालायचा नाही, बघायला वाकायचं नाही, मागे सरायचं." आधी नाव, मग काय करायचं ते, एका दमात. दत्तारामने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो दोन पावलं मागे झाला. "बाई, दिवेलागणीला असा नाव नको," तो कळवळून म्हणाला. त्याची बायको संध्याकाळची यायचीच बंद झाली. गावातले लोक माझ्याकडे बघून हळहळायचे, जणू चावलं मला आणि विष चढलं त्यांना.

विस्तार अधिकाऱ्यांची आता नुसती घार झाली. केंद्रप्रमुख गेले, मुंगूस आलं. मी एकदा मुद्दाम विचारलं, "काय, साहेब आले होते का इतक्यात?" त्या म्हणाल्या, "बिबट्या म्हणा." मला फार वाईट वाटलं. मला त्यांच्याकडून सरळ बोलणं हवं होतं तेवढं मिळालं होतं, आणि त्यापायी त्यांची सगळी गंमत गेली. फुरसं हा शब्द उच्चारताना त्या अजूनही डोळे मिटून घ्यायच्या, ते मी बघून न बघितल्यासारखं करायचे. तरी त्या रोज म्हणायच्या. माझ्यासाठी म्हणायच्या, हे मला कळत होतं.

पुढे माझी बदली झाली, आपल्या जिल्ह्यात. निघायच्या दिवशी मोठ्या बाईंनी पुन्हा हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, पापणी ओढली आणि म्हणाल्या, "बरा आहे तुरा." मग माझा उजवा हात हातात घेऊन करंगळी वाकवून बघितली, सरळ करून बघितली, पुन्हा वाकवली. दत्तारामने रिक्षाचा हॉर्न वाजवला तरी त्या सोडेनात. शेवटी मीच हात काढून घेतला.

सांगोल्याच्या शाळेत मीही त्यांच्यासारखीच झाले. गोलगोल बोललेलं मला खपत नाही. "सर, बाहेर आहेत म्हणजे कुठे आहेत? बरं नाही म्हणजे काय झालंय?" असं मी धरून धरून विचारते. सहकारी वैतागतात. वैतागू देत, एका न कळलेल्या शब्दाने काय होतं ते त्यांनी पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी मुलं जेवायला बसली असताना फोन वाजला. दत्ताराम होता.

"धाकट्या बाई, मोठ्या बाई गेल्या."

"कुठे?" मी विचारलं. भाताचं पातेलं हातात होतं. "रत्नागिरीला? मुंबईला? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"दत्ताराम, कुठे गेल्या ते नीट सांग. गेल्या म्हणजे काय?"

"बाई," तो म्हणाला, "उजाडून दिवस वर आला तरी कोंबड्या कुणी सोडल्या नाय. आत ओरडत होत्या. म्हणून मी जाऊन बघितलं. झोपेतच..." त्याचा आवाज फुटला. "आज कोंबड्या मी सोडल्या, बाई. त्यापुढचा शब्द माझ्या तोंडातून येत नाय. तुमी विचारताय, तर सांगतो म्हणतो, पण येत नाय."

मुलं ताटं वाजवत होती. मी पातेलं खाली ठेवलं.

"नको सांगू, दत्ताराम," मी म्हणाले.